शंभरात त्रेसष्टच उगवले, तर चिठ्ठी खोटी का?



मृग जवळ आला की सोयाबीनच्या पिशव्या घरात येऊन पडतात. पिशवीवरच्या चिठ्ठीत उगवणशक्ती लिहिलेली असते. प्रमाणित सोयाबीनला ती निदान 70 टक्के लागते. जाणता शेतकरी नुसत्या चिठ्ठीवर विसंबत नाही. तो शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडत राहतो आणि आठवड्याने मोड मोजतो. समजा, 63 निघाले. आता काय करावे? पेरून मोकळे व्हावे, तर दुबार पेरणीचे भय. दुकानदाराशी भांडावे, तर चांगल्या मालावर नसता आळ.

अशा पेचासाठी संख्याशास्त्रात 'गृहीतकाची परीक्षा' ही रीत आहे. नाव भारदस्त आहे खरे, पण चाल पंचांच्या न्यायासारखीच. आरोप शाबीत होईपर्यंत चिठ्ठी खरी धरायची. म्हणजे सगळ्या पिशवीत शेकडा 70 दाणे उगवणारे आहेत, हे आपले गृहीतक. मग विचारायचे, की हे खरे असताना निव्वळ योगायोगाने शंभरांत 63 किंवा त्याहूनही कमी मोड येण्याचा संभव किती?

शंभर दाणे घेतले की दर वेळी नेमके 70 उगवतील असे थोडेच आहे! कधी 74, कधी 67. हा चढउतार साधारण केवढा, ते मोजता येते. 100 ला 0.7 ने आणि मग 0.3 ने गुणा, 21 येतात. त्याचे वर्गमूळ सुमारे 4.6. आपली तूट 7 दाण्यांची, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या दीडपट. असे शंभरांत सुमारे 8 वेळा, माल चांगला असूनही, घडते. संख्याशास्त्रज्ञ बहुधा शंभरांत 5 ही मर्यादा धरतात. 61 किंवा त्याहून कमी मोड निघाले असते, तर संभव या मर्यादेखाली गेला असता आणि चिठ्ठी नाकारता आली असती. 63 वर नाकारता येत नाही.

पण थांबा. नाकारता आली नाही, म्हणजे चिठ्ठी खरी ठरली असे मुळीच नाही. खरी उगवण 60 टक्के असती, तरी 63 मोड सहज निघाले असते. पुरावा अपुरा, एवढेच म्हणायचे. इथेच पुष्कळांची गफलत होते, शिकलेल्यांचीही.

उपाय आहे तो जास्त दाण्यांचा. 400 दाण्यांत 252 उगवले, तर टक्का तोच, 63. मात्र अपेक्षा 280 ची, तूट 28 ची आणि चढउतार फक्त सुमारे 9 चा. तूट तिप्पट झाली. असे योगायोगाने हजारांत एखाद-दोनदाच व्हायचे. आता चिठ्ठीवर बोट ठेवायला हरकत नाही. बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत 400 दाणे तपासतात, ते उगीच नव्हे.

एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. दाणे पिशवीच्या वरून, मधून, तळातून घ्यावेत आणि निवडू नयेत. टपोरे तेवढे वेचले, तर सगळे गणित वाया. सोयाबीनचे साल नाजूक. पिशवी आदळली तरी उगवण घटते, हेही दुकानदारावर खापर फोडण्यापूर्वी आठवावे.

या रीतीची मांडणी नेमन आणि पिअर्सन यांनी 1933 साली केली. पुढे पीक-कापणीच्या नमुना पाहणीत नाव मिळवलेले आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे त्याच दशकात लंडनमध्ये शिकत होते.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हे दाखवायला पैसा लागत नाही. दहा सारखे चिंचोके घ्या, तिघांना शाई लावून वाळवा, पिशवीत टाका. प्रत्येक मुलाने न बघता एक काढायचा, रंग लिहायचा, परत टाकून हलवायचे. असे शंभर वेळा. मग कोऱ्या चिंचोक्यांची संख्या एकेकाला फळ्यावर मांडायला सांगा. 63 चा मुलगा निघाला, तर त्याच्या पिशवीत काही खोट होती का, हे मुलांनाच विचारा.