महालक्ष्मीच्या वेळेचा फोन

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्री देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून असं कधी घडलं नव्हतं. सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला आहे. तरी रात्री वारा पूर्वेचा असला की गाडीचा भोंगा माझ्या खिडकीपर्यंत येतो. त्या रात्रीनंतर मालगाड्यांचे तुरळक आवाज तेवढे उरले, आणि झोपताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटू लागलं.

तिसऱ्या की चौथ्या रात्री साडेनऊच्या सुमारास मिरजेहून काकांचा फोन आला. काका रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. म्हणाले, "काही काम नाही. महालक्ष्मी मिरजेतून सुटायची वेळ झाली, पण गाडी नाही. मग म्हटलं, तुम्हाला तरी फोन करावा." पुढचं दीड वर्ष तो फोन चुकला नाही.

आम्ही पाच जण. साताऱ्यात मी, कराडला एक छापखानावाला, इस्लामपुरात गणिताच्या एक शिक्षिका, सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा एक मित्र आणि मिरजेचे काका. पाचही जणांना छोट्या आगगाड्या घडवण्याचा नाद. त्याआधी आमची ओळख जुजबी होती. या छंदातला माणूस मागच्या खोलीत दार लावून बसतो, घरातले त्याला जेवायला हाका मारून दमतात. आपल्यासारखे आणखी चौघे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आमच्यातल्या बहुतेकांना हा नाद पुण्यात लागला. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला खुलं झालं. एका माणसाच्या छंदातून आख्खं शहर उभं राहतं, त्यातून गाड्या धावतात, दिवे लागतात, सिग्नल पडतात, हे तिथं पाहिलं आणि घरी येऊन पहिला रूळ विकत घेतला, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. टाळेबंदीत सगळ्या संग्रहालयांबरोबर त्यालाही कुलूप लागलं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सर्वांत प्रचलित मोजमाप एकास ८७, त्याला एचओ म्हणतात. खऱ्या गाडीचे ८७ सेंटीमीटर म्हणजे आमचा १ सेंटीमीटर. पेरांबूरच्या कारखान्यातला जुना निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब, तो आमच्याकडे साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद, तो युरोप-अमेरिकेतल्या गेजचा. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, त्याला खरं तर १९ मिलिमीटरहून थोडा जास्त रूळ हवा. तो तयार मिळत नाही, म्हणून सगळे १६.५ वर भागवतात. काकांना हे कधीच पटलं नाही. "गाडी आपली आणि चाल परक्याची," असं ते म्हणायचे.

मार्चच्या अखेरीस इस्लामपूरचं नाव राज्यभर झालं. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबापासून लागण पसरली, रुग्ण पंचविसाच्या घरात गेले आणि गावाभोवती कडं पडलं. बाईंचं घर त्या कड्याच्या आत होतं. पुढच्या महिन्यात कराडकडचे आकडे वाढले. जिल्ह्याच्या हद्दीवर नाके बसले. कराड आणि इस्लामपूर एरवी अर्ध्या तासाच्या अंतरावर. त्या दिवसांत ती दोन गावं दोन देशांत असल्यासारखी झाली. रात्रीच्या फोनवर बाई पहिल्यांदा गाड्यांबद्दल बोलल्याच नाहीत. रस्त्यावर एकही पाऊल वाजत नाही, एवढंच म्हणाल्या. काकांनी त्यांना विचारलं, "पोरी, तुझ्याकडे पट्टी आणि पेन्सिल आहे ना?" आणि दुसऱ्या दिवशी मिरज स्टेशनचे स्वतःकडचे दोन जुने फोटो पाठवून दिले.

मिरज स्टेशन टेबलावर उभं करायचा विषय तिथून सुरू झाला; प्रत्येकानं आपापल्या घरी या मार्गाची एकेक फळी घडवायची, असं ठरलं. या स्टेशनाचं महत्त्व आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा विस्तारानं लिहितो. पुण्याहून मिरजेकडे येणारी मीटरगेज लाइन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सदर्न मराठा रेल्वेनं टाकली. १८९१ साली कोल्हापूर संस्थानची लाइन मिरजेला जोडली गेली. १९२७ साली पंढरपूरकडून बार्शी लाइटची नॅरोगेज येऊन मिळाली. १९७१ मध्ये पुण्याची लाइन ब्रॉडगेज झाली, आणि त्यानंतर बरीच वर्षं तिन्ही गेजच्या गाड्या या एकाच स्टेशनात उभ्या राहत. अशी स्टेशनं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका गेजचा माल दुसऱ्या गेजच्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून जायचा. काकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. टेबलावर ते उभं करायचं म्हणजे तीन रुंदीचे रूळ लागणार: ब्रॉडगेजला १६.५, मीटरगेजला १२ आणि नॅरोगेजला ९ मिलिमीटर.

बाईंनी फोटोतल्या डब्याची लांबी ठाऊक आहे हे धरून बाकी सगळं काढलं. डबा एवढा, तर मागची टाकी किती उंच, छपराचा खांब किती जाड, फलाट किती रुंद. जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो; तोही केला. वहीच्या पानांवरची ती गणितं माझ्याकडे अजून आहेत. पुढं शाळा फोनवर भरू लागली तेव्हा त्यांनी समरूप त्रिकोणाचा धडा याच स्टेशनावर शिकवला.

रूळ होते, चाकं थोडी होती, डबे मात्र नव्हते. परदेशी माल अडकलेला, दुकानं बंद. तेव्हा कराडचा छापखाना कामी आला. मार्च ते मे म्हणजे लग्नसराई. त्या वर्षी छापून तयार झालेल्या पत्रिका गठ्ठ्यांनी पडून राहिल्या, कारण तारखाच उरल्या नव्हत्या. तो जाड पुठ्ठा डब्याच्या भिंतींना फार उत्तम. आमच्या निळ्या डब्यांच्या आतल्या बाजूला आजही वधूवरांची नावं, "आग्रहाचे निमंत्रण" आणि गणपतीचं चित्र आहे. पैकी काही लग्नं पुढे घरच्या घरी पंचवीस-पन्नास माणसांत झाली.

छापखान्याचं उत्पन्न तीन महिने शून्य होतं. तो हे बोलला नाही. सांगलीच्या मित्राच्या लक्षात आलं, त्यानं मला वेगळा फोन केला. मग आम्ही ठरवून त्याच्याकडे मागणी नोंदवली: खिडक्या कापून डब्यांच्या बाजू, छपराच्या पट्ट्या, फलाटाच्या फरशीची छपाई. पैसे आगाऊ दिले. एकानं दिले की दुसरा देई. त्याला हा खेळ कळला असणारच, पण त्यानंही प्रत्येक वेळी रीतसर पावती पाठवली. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे मला त्या दीड वर्षात सगळ्यांत मोलाचं वाटलं.

तयार माल भाजीच्या टेम्पोतून यायचा. जीवनावश्यक मालाच्या गाड्यांना हद्दीवर वाट होती. कोबीच्या पोत्यांवर बांधलेला खोका तीन दिवस व्हरांड्यात उन्हात ठेवायचा आणि मग उघडायचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला ई-पासची अट गेली तेव्हा सांगलीचा मित्र स्वतः कराडला गेला. दोघं दारातच दहा मिनिटं उभे राहिले, मास्क लावून.

या मित्राविषयी सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्याचं तळमजल्यावरचं दुकान आणि मागच्या खोलीतलं बारा वर्षांचं काम तीनचार दिवस पाण्यात होतं. गाळ काढल्यावर त्यानं छंद सोडला, असं तो सांगायचा. २०२० मध्ये त्याला पुन्हा सोल्डरिंगला बसवलं ते काकांनी. काका त्याला रोज एकेक जोडणी विचारत आणि मुद्दाम चुकीची करून दाखवत. शेवटी वैतागून त्यानं सगळी वायरिंग स्वतःच्या अंगावर घेतली.

बाहेर काय चाललंय ते आमच्या कानावर यायचं. युरोपात घरी अडकलेल्या लोकांनी माळ्यावरच्या जुन्या गाड्या खाली काढल्या होत्या. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलांडचे दरवाजे बंद असताना तिथल्या मंडळींनी रुळांशेजारी २८०० वर पेले पाण्यानं सुरात लावले आणि धावत्या छोट्या गाडीकडून ते वाजवून विक्रम केला. तो व्हिडिओ काकांनी किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. आमच्याकडे त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळांच्या मूर्ती चार फुटांच्या आत आणि घरच्या दोन फुटांच्या आत होत्या, सार्वजनिक देखावे नव्हते. बाईंनी घरच्या गौरी-गणपतीपुढे आदर्कीच्या घाटातला बोगदा केला. बघायला घरचेच चौघं.

एप्रिल २०२१ मध्ये काकांना लागण झाली. खाट मिळेना. दोन ठिकाणी फिरून ते घरी आले आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरीच राहिले. साडेनऊचा फोन आता आम्ही करू लागलो. काकू ऑक्सिमीटरचा आकडा सांगत आणि बाई तो गार्डच्या नोंदवहीसारखा लिहून घेत: वेळ, आकडा, शेरा. ९५ च्या वर असेल तर शेरा "वेळेवर". दोन रात्री ९० वर आला, त्या रात्री शेरा लिहिला नाही. सांगलीच्या मित्रानं कुठून तरी ऑक्सिजनचं यंत्र मिळवलं, दुरुस्त केलं आणि पहाटे पोचवलं. सतरा दिवसांनी काका स्वतः फोनवर आले. आवाज ओळखू येत नव्हता. त्याच आठवड्यात कराडच्या मित्राचे वडील गेले. अंत्यविधीला आमच्यापैकी कुणालाच जाता आलं नाही.

आजारानंतर काकांच्या हाताला कंप राहिला. बारीक काम त्यांना जमेना. मिरजेच्या केबिनचा जिना अर्धा राहिला होता, तो बाईंनी पुरा केला. जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा सांगलीचं काम वरच्या मजल्यावर होतं. एक वायरही भिजली नाही.

२०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही पाच जण पहिल्यांदा एकत्र जमलो, कराडला छापखान्यात. पाच घरी बनलेल्या पाच फळ्या एकमेकींना लावल्या. उंची सगळ्यांनी एकच धरली होती, तरी माझी फळी दोन मिलिमीटर खाली गेली. पायाखाली लग्नपत्रिकेच्या घड्या सारल्या आणि गाडी साताऱ्याहून मिरजेला गेली. काका शेवटच्या डब्याकडे बघत होते. गार्ड आयुष्यभर तिकडेच बसलेला असतो.

त्या काळात बंद झालेली सह्याद्री एक्स्प्रेस परतली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, तीही पुण्यापर्यंतच. या मार्गावर आता विजेच्या तारा आहेत, बाजूला दुसरा रूळ आहे, आणि जुन्या स्टेशनांच्या ओळखीच्या खुणा एकेक करून चालल्या आहेत. आमच्या मिरजेच्या फळीवर ९ मिलिमीटरचा रूळ टाकलेला आहे, पण त्याच्या फलाटाची जागा मोकळी आहे. नॅरोगेजच्या त्या फलाटाचा पुरेसा स्पष्ट फोटो आम्हाला मिळालेला नाही. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर या भागातल्या कुणाच्या घरी पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बममध्ये, वऱ्हाड गाडीतून उतरतानाचा एखादा फोटो असेल, तर तो फेकू नका. मागं दिसणारा खांब आणि छपराची कड आम्हाला पुरेल.