पाच दिवसांतून एकदाच

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा 2024चा हंगाम कळायला 11 मेचा एक सामना पुरेसा आहे. शिकागो कब्जविरुद्ध 21 वर्षांचा, साडेसहा फुटी पिचर पॉल स्कीन्स पदार्पण करत होता. त्याच्या 84 चेंडूंपैकी 17 चेंडूंचा वेग ताशी 100 मैल, म्हणजे 161 किलोमीटर, किंवा त्याहून जास्त होता. सात जणांना त्याने स्ट्राइकआउट केलं. पाचव्या इनिंगमध्ये तो बाहेर गेला तेव्हा संघ 6-1ने पुढे होता. मग बदली पिचर आले आणि स्वैर मारा करत फुकटच्या धावा वाटत सुटले. आघाडी गेली, पाऊस आला, आणि सामना 10-9 असा कसाबसा हाती लागला.

क्रिकेटमध्ये बुमरा एका कसोटीत दोन्ही डावांत गोलंदाजी करतो. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर मात्र एकदा शंभरेक चेंडू टाकले की चार-पाच दिवस खांदा शेकत बसतो. हंगाम 162 सामन्यांचा. स्कीन्सच्या वाट्याला आले 23. त्यांत त्याच्या नावावर 11 विजय, 3 पराभव आणि 170 स्ट्राइकआउट लागले. क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडल्या तर दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी 1.96 धावा दिल्या.

वेगापेक्षा त्याचा ‘स्प्लिंकर’ जास्त छळतो. सिंकर आणि स्प्लिटर यांचा हा संकर ताशी 94 मैलांच्या आसपास येतो. बॅटर सरळ वेगवान चेंडू समजून बॅट फिरवतो आणि चेंडू ऐन वेळी खाली बुडतो.

11 जुलैला मिलवॉकीत सात इनिंग त्याने एकही हिट दिला नाही. तरी 99 चेंडूंनंतर व्यवस्थापक डेरेक शेल्टनने त्याला थांबवलं. चाहते चिडले, मला शेल्टनचंच पटतं. असा खांदा एका सामन्याच्या विक्रमासाठी पणाला लावायचा नसतो.

ऑगस्टमध्ये संघ सलग 10 सामने हरला आणि 76 विजय, 86 पराभवांसह गटात तळाला गेला. स्कीन्स मात्र नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याला मुख्य संघात उशिरा बोलावल्यामुळे करारमुक्तीकडे मोजलं जाणारं त्याचं पहिलं वर्ष अपुरं राहणार होतं. पण नव्या नियमानुसार नवोदितांच्या या पुरस्काराच्या मतदानातल्या पहिल्या दोघांना पूर्ण वर्ष धरून मिळतं. त्यामुळे त्याला आणखी एक वर्ष हाताशी ठेवण्याचा क्लबचा फायदाही हुकला.

2025मध्ये त्याने 1.97च्या सरासरीने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. त्याच्या नावावर विजय 10, पराभवही 10. संघ 91 सामने हरला.