चार वाजताचा चहा आणि रोजा

दुपारचे चार वाजले की सरकारी कचेरीत चहाची किटली फिरते. फायली बाजूला सरकतात, कुणाच्या तरी ड्रॉवरमधून शेवेची पुडी बाहेर येते. रमजानच्या महिन्यात मात्र चहावाला एका टेबलापाशी न थांबता पुढे जातो. शेजारचे भाऊसाहेब पेला हातात घेऊन संकोचाने व्हरांड्याकडे निघतात, तेव्हा रोजा असलेला कारकून हसून म्हणतो, ‘‘बसा हो भाऊसाहेब, इथंच प्या. तुमच्या चहानं माझा रोजा नाही सुटत.’’ महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावी दरवर्षी असे संवाद होतात.

रोजाचे पहिले चार दिवस या खुर्चीवरच्या माणसाला जड जातात. डोकं दुखतं, चहाची तलफ येते. अकरा वाजता आणि पुन्हा चारला हात आपोआप ड्रॉवरकडे जातो. पण एक गोष्ट हळूहळू त्याच्या ध्यानात येते. चारची भूक साडेचारला निघून गेलेली असते, काहीही न खाता. ती पोटाची नव्हती, घड्याळाची आणि खुर्चीची होती. एरवी वर्षभर तो तिलाच भूक समजून खाऊ घालत आलेला असतो.

त्याचा हिशेब मांडला तर आकडा लहान नाही. दिवसाचे पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर दहा चमचे म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर होते. दोन हजार उष्मांकांचा आहार घेणाऱ्याने वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत, शक्यतो पंचवीसच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बिस्किट, फरसाण, कुणाच्या बढतीचे पेढे हे सगळं बाजूला ठेवलं तरी मर्यादा चहातच गाठली जाते.

मोठा प्रश्न जेवणाच्या ताटाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २११० उष्मांक लागतात, तर अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्याला ३४७०. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६० आणि २७२० आहेत. आज कचेरीत बसणाऱ्या अनेकांचे वडील शेतात राबले, हमाली केली, मागावर उभे राहिले. मुलगा शिकला, खुर्चीवर बसला, घराला बरे दिवस आले. ताट मात्र वडिलांचंच राहिलं, तेवढाच भात आणि तेवढ्याच चपात्या. वर चहा-फरसाणाची भर पडली. मग चाळिशीत पट्ट्याचं भोक एकेक पुढे सरकतं आणि एखाद्या तपासणी शिबिरात साखर वाढलेली निघते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे की देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी साडेतेरा कोटी.

बसून राहण्याचा धोका काही नवा शोध नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. टपाल खात्यातही तेच दिसलं. पायी आणि सायकलवरून पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलावरच्या कारकुनांना तो आजार अधिक होता.

रोजा चारच्या फरसाणाला सुट्टी देतो. पण दिवसभर राखलेलं संध्याकाळच्या अर्ध्या तासात गमवायचीही सोय असते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण इफ्तारच्या दस्तरख्वानालाही तितकीच लागू पडते. खजूर आणि कलिंगड झालं की भज्यांचा ढीग, समोसे, लाल सरबताचे दोन-दोन पेले, आणि तासाभराने बिर्याणी. एक मोठा समोसा अडीचशेच्या आसपास उष्मांक देतो, आणि तो एकटा कधीच येत नाही. शिवाय हे तळण कोण करतं? बऱ्याच घरी तीही दिवसभर रोजा ठेवून बँकेच्या काउंटरवर किंवा शाळेत काम करून आलेली असते. मगरिबची अजान होईपर्यंत ती कढईपुढे उभी असते, आणि सेहरीसाठी सर्वांत आधी उठणारीही तीच. कढई आठवड्यातून एखाद्या दिवशीच चढवायची ठरवली, तर घरातल्या सगळ्यांच्या पोटाला आराम मिळतो आणि तिच्या पायांनाही.

असं ठरवलेल्या घरांतला दस्तरख्वान काही उदास नसतो. दोन-तीन खजूर, पाणी, कापलेलं फळ आणि कांदा-लिंबू घातलेले उकडलेले चणे. नमाजनंतर एकदाच बेताचं जेवण. सेहरीला नुसत्या भात-चहाऐवजी भाकरी, डाळ किंवा उसळ, दही, एखादं अंडं, म्हणजे पोट अधिक वेळ धरून राहतं. पापड-लोणचं टाळलं की दुपारी घसा कमी सुकतो. पाणी सेहरीला एकदम ढोसण्यापेक्षा इफ्तारपासून थोडं थोडं पिणं बरं. तरावीहच्या नमाजसाठी मशिदीपर्यंत चालत जाणं होतं. ती इबादत आहे, व्यायाम म्हणून कुणी करत नाही. पण जेवणानंतर उभं राहिल्या-चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, हा लाभ आपसूक पदरात पडतो.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण हदीसमध्ये आहे. आयुर्वेदातल्या वाग्भटाने पोटाचे चार भाग केले. दोन घन अन्नाचे, एक द्रवाचा आणि एक रिकामा. वाटणी निराळी, तरी थोडी जागा मोकळी ठेवायची यावर दोघांचं एकमत आहे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र आपल्या मनाने काही ठरवू नये. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्या लागतात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा सुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा त्याच क्षणी सोडावा, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. आजारी माणसाला धर्मानेही सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

ईद होते, शीरखुर्म्याच्या वाट्या शेजारीपाजारी पोचतात, आणि सुट्टी संपली की चारच्या ठोक्याला किटली पुन्हा त्या टेबलापाशी थांबते. महिनाभराची शिकवण खरी कसाला लागते ती तेव्हा. कारकुनाने अर्धाच कप घेतला, बिनसाखरेचा, आणि शेवेच्या पुडीऐवजी घरून आणलेल्या फुटाण्यांची डबी उघडली, तर रमजानने त्याच्या खुर्चीलाही काहीतरी दिलं म्हणायचं. भाऊसाहेबांनाही मूठभर फुटाणे द्यावेत. आणि मग दोघांनी मिळून व्हरांड्यात एक चक्कर मारून यावी. या वेळी संकोचाने नव्हे, पाय मोकळे करायला.