अक्ष झुकला म्हणजे हृदय सरकले का?

नेहमीच्या तपासणीत ईसीजी काढला. त्रास काहीच नाही, पण कागदाच्या कोपऱ्यात यंत्राने छापले आहे : ‘लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन’. हृदय जागचे सरकले, असा या ओळीचा अर्थ अनेक जण लावतात आणि घाबरतात. प्रत्यक्षात झुकलेली असते ती हृदयातील विजेची दिशा.

प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून सूक्ष्म विद्युतसंदेश निघतो आणि खालच्या दोन कप्प्यांच्या स्नायूंत पसरतो. रस्सीखेचीत ज्या बाजूचा जोर जास्त, तिकडे दोर जातो, इथेही तसेच. डावा खालचा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, त्याची भिंत जाड असते. म्हणून विजेची एकूण दिशा बहुधा खाली आणि डावीकडे असते. हाच हृदयाचा विद्युत अक्ष. आपली डावी बाजू शून्य अंश आणि पायांची दिशा अधिक ९० अंश धरली, तर प्रौढांत उणे ३० ते अधिक ९० अंशांपर्यंतचा अक्ष सामान्य मानतात. दोन हात आणि डावा पाय यांच्या त्रिकोणातून ही दिशा मोजण्याचा पाया डच शास्त्रज्ञ विलेम आइनथोव्हेन यांनी घातला. ईसीजीवरील कामासाठी त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले.

अक्ष डावीकडे झुकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे डाव्या कप्प्यात वीज नेणाऱ्या पुढच्या फांदीतील अडथळा. हृदयाच्या खालच्या भागाला पूर्वी झटका येऊन गेला असेल, तर तिथला मृत स्नायू वीज निर्माण करत नाही. मग अक्ष त्या भागापासून दूर वळतो. दीर्घकाळच्या रक्तदाबाने डावी भिंत जाड झाली तरीही तो डावीकडे जाऊ शकतो. उजवीकडचा कल फुप्फुसांच्या जुनाट आजारात किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास दिसतो. नवजात बाळात मात्र तो नैसर्गिक असतो आणि उंच, सडपातळ माणसांतही आढळतो. दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तरी अक्ष उजवीकडे गेल्याचा भास होतो!

म्हणजे अक्ष हा आजार नव्हे, खूण आहे. तिचा अर्थ वय, लक्षणे, रक्तदाब आणि ईसीजीतील बाकीच्या रेषा पाहूनच लागतो. गरज वाटल्यास डॉक्टर टूडी इको सांगतात.

सर्वांत उपयोगी पडतो तो जुना ईसीजी. दहा वर्षे तसाच असलेला कल आणि या महिन्यात नव्याने आलेला कल यांचे वजन सारखे नसते. म्हणून जुने कागद फाइलमध्ये जपा. शाई फिकी पडते, तेव्हा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

आणि छातीत दाब, धाप, घाम किंवा भोवळ असेल, तर अक्ष ‘नॉर्मल’ छापला आहे म्हणून घरी थांबू नका. झटक्याच्या सुरुवातीला काढलेला ईसीजीही कधी कधी सामान्य दिसतो.