भग्न मठ, गोल मनोरे आणि तुलनेची शिस्त

१. विषयाचे स्वरूप

आयर्लंडच्या ग्रामीण भागातून जाताना कुरणांच्या आणि जुन्या दफनभूमींच्या मधोमध वर निमुळते होत गेलेले उंच दगडी मनोरे दृष्टीस पडतात. त्यांच्या पायथ्याशी छप्पर हरवलेली लहान लहान चर्च, कोरीव क्रूस आणि झिजलेल्या समाधिशिला असतात. ६व्या शतकापासून उदयास आलेल्या आयरिश ख्रिस्ती मठांचे हे अवशेष होत. विकलोमधील ग्लेन्डालॉख, शॅनन नदीकाठचे क्लॉनमॅक्नॉइज, लाउथमधील मॉनस्टरबॉइस, मीथमधील केल्स आणि गॉलवेमधील किल्मॅकडुआ ही त्यांतील प्रमुख स्थळे आहेत.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला या स्थळांविषयी दोन कारणांनी आस्था वाटावयास हवी. पहिले कारण असे की, आयरिश भाषेतील प्राचीन साहित्य लेखनबद्ध झाले आणि टिकले ते मुख्यतः या मठांमुळे. दुसरे कारण भारतीय अभ्यासकाला अधिक जवळचे आहे. या मनोऱ्यांच्या उत्पत्तीचा शोध घेताना १८व्या आणि १९व्या शतकांतील काही आयरिश विद्वानांनी थेट भारत आणि इराण गाठले होते. हा शोध कोठे चुकला आणि आयर्लंड व भारत यांचे खरे नाते अखेर कोठे सापडले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

२. स्थळदर्शन: दिसते ते आणि असते ते

या स्थळांना भेट देणाऱ्या मराठी वाचकापुढे पहिली अडचण शब्दाची उभी राहते. ‘विहार’ म्हटले की मध्यवर्ती चौक आणि त्याभोवती भिक्षूंच्या खोल्या असा आराखडा मनात येतो. ‘मठ’ म्हटले की एका गुरुपरंपरेचे पीठ डोळ्यांपुढे येते. आरंभीचे आयरिश मठ यांपैकी कोणत्याच चौकटीत पूर्णपणे बसत नाहीत. साधारणतः वर्तुळाकार आवार, त्यात विखुरलेली अनेक छोटी चर्च, लाकडी वा कुडाच्या झोपड्या, कारागिरांच्या कार्यशाळा आणि दफनभूमी असे त्यांचे रूप होते. काउंटी डाउनमधील नेन्ड्रम येथे एकात एक अशी तीन आवारे आजही ओळखता येतात. चौकाभोवती रचलेला मठ आयर्लंडमध्ये रुजला तो सिस्टर्शियन संप्रदायाने ११४२ मध्ये मेलिफंट येथे मठ स्थापल्यानंतर. त्यामुळे विहाराची कल्पना मनात ठेवून ग्लेन्डालॉखला जाणाऱ्याला तेथे ‘मुख्य इमारत’ कधीच सापडणार नाही. ती पडून गेली असे नव्हे. ती तेथे नव्हतीच.

ग्लेन्डालॉख या नावाचा अर्थ ‘दोन सरोवरांचे खोरे’ असा आहे. संत केविन यांनी ६व्या शतकात येथे एकांतवास पत्करला आणि त्यांच्याभोवती वस्ती वाढली, अशी परंपरा आहे. दुहेरी कमानीच्या दगडी प्रवेशद्वारातून आत गेल्यावर भिंतीतील शिळेवर कोरलेला क्रूस दिसतो. अभयक्षेत्राची हद्द येथून सुरू होत असे. आत सुमारे ३० मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. त्याचे शंकूच्या आकाराचे छत मात्र १८७६ मध्ये मूळचेच दगड वापरून पुन्हा रचलेले आहे. म्हणजे जे अवशेष सर्वांत ‘अभंग’ भासतात, त्यांतही १९व्या शतकाचा हात आहे. क्लॉनमॅक्नॉइज येथील प्रसिद्ध उंच क्रूस आज अभ्यागत केंद्राच्या छताखाली असून बाहेर उघड्यावर त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. अवशेषांचे दर्शन हे भूतकाळाचे सरळ दर्शन नसते. अनेक काळांनी एकमेकांवर चढवलेल्या थरांचे ते वाचन असते.

३. मनोऱ्यांचा पुरावा

आज सुमारे ६५ मनोरे कमीअधिक अवस्थेत टिकून आहेत. त्यांची उंची सामान्यतः २५ ते ३५ मीटर, तर तळाचा व्यास साधारण ५ मीटर असतो. सर्वांत उंच मनोरा किल्मॅकडुआ येथे आहे; त्याची उंची सुमारे ३४ मीटर असून तो स्पष्टपणे कललेला आहे. बाहेरून आणि आतून घडीव दगडांचे थर, त्यांच्यामध्ये चुना व दगडांचा भराव, आत लाकडी मजले व शिड्या आणि वरच्या मजल्यावर बहुधा चार दिशांना चार खिडक्या, अशी त्यांची रचना असते. दार जमिनीपासून बरेच वर असते आणि ते पुष्कळदा मुख्य चर्चच्या पश्चिमद्वाराकडे तोंड करून असते.

हे मनोरे व्हायकिंगांपासून बचावासाठी बांधले गेले, असे स्पष्टीकरण प्रवाशांना सर्रास ऐकावयास मिळते. आयरिश इतिवृत्तांतील नोंदी त्याला पुरेसा आधार देत नाहीत. व्हायकिंगांचे हल्ले ७९५ पासून सुरू झाले. मनोरे मात्र १०व्या ते १२व्या शतकांतील आहेत. मनोऱ्याचा पहिला लेखी उल्लेख ९५० चा आहे आणि तो स्लेन येथील घंटाघर डब्लिनच्या नॉर्स लोकांनी आतील माणसांसह जाळल्याचा आहे. १०९७ मध्ये मॉनस्टरबॉइसचा मनोरा आतील ग्रंथ व मौल्यवान वस्तूंसह भस्मसात झाला. १०७६ मध्ये केल्सच्या मनोऱ्यात मुर्खाध या राजाची हत्या झाली, आणि ती परकीयांनी नव्हे, तर आयरिश सत्तास्पर्धेतून घडली. लाकडी मजले असलेला उंच पोकळ मनोरा आग लागताच धुराड्यासारखा पेटत असे. संकटकाळी लोक त्यात शिरत असत हे खरे. पण आश्रय हा त्याचा मूळ हेतू मानणे कठीण आहे.

मूळ हेतू त्याच्या नावातच आहे. आयरिश भाषेत या वास्तूला ‘क्लॉइगतेख’ म्हणतात: ‘क्लॉग’ म्हणजे घंटा आणि ‘तेख’ म्हणजे घर. वरच्या खिडक्यांतून हातघंटा वाजवून प्रार्थनेच्या वेळा कळवणे, दुरून येणाऱ्या यात्रेकरूंना दिशा दाखवणे आणि मठाचे वैभव मिरवणे ही तिची कामे होती.

४. वादाचा इतिहास: साम्याचा मोह

इतका स्पष्ट पुरावा असताना या मनोऱ्यांचे गूढ का निर्माण झाले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ब्रिटिश सैन्यातील अभियंता चार्ल्स व्हॅलन्सी याने १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आयरिश संस्कृतीचे मूळ फिनिशियन आणि पौर्वात्य असल्याचे प्रतिपादन केले आणि मनोऱ्यांचा संबंध अग्निपूजेशी जोडला. पुढे हेन्री ओब्रायन याने १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याही पुढची मजल मारली. त्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच बुद्धमताचा उल्लेख आहे. इराणातून आलेल्या एका प्राचीन समाजाने हे मनोरे बांधले आणि ते लिंगपूजेचे प्रतीक होते, असे त्याचे मत होते.

ओब्रायनची पद्धत आज हास्यास्पद वाटली, तरी तिच्यामागील प्रेरणा समजून घ्यावयास हवी. जित आणि मागास ठरवल्या गेलेल्या देशाला प्राचीन व वैभवशाली पूर्वज मिळवून देण्याची ती धडपड होती. इंग्लंडच्या सावलीतून बाहेर पडण्यासाठी पूर्वेचा आधार शोधला जात होता, आणि आशियाविषयी नव्याने छापले जाणारे संशोधन त्यासाठी सोयीचे होते. परंतु हेतू सहानुभूतीला पात्र असला म्हणून पद्धत ग्राह्य ठरत नाही. आकाराचे साम्य आणि नावांचा ध्वनिसादृश्याधारित अर्थ यांपलीकडे तिच्यात पुरावा नव्हता.

रॉयल आयरिश अकादमीने याच विषयावर निबंधस्पर्धा ठेवली होती. तिचे सुवर्णपदक मिळाले ते जॉर्ज पेट्री यांच्या निबंधाला. त्याचा विस्तार १८४५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पेट्री यांनी तीन गोष्टी ताडून पाहिल्या. मनोरे चर्चच्या आवारातच आढळतात. त्यांचे बांधकाम आणि दाराखिडक्यांची घडण शेजारच्या चर्चशी जुळते. आणि आयरिश हस्तलिखिते त्यांना घंटाघर म्हणतात. पेट्री चित्रकार होते, स्थळे पायी हिंडून पाहणारे होते आणि ऑर्डनन्स सर्व्हेच्या स्थलवर्णन विभागाचे प्रमुख होते. जॉन ओ’डॉनोव्हन आणि यूजीन ओ’करी हे आयरिश भाषेचे जाणकार तेथे त्यांचे सहकारी होते. स्थळ, भाषा आणि दस्तऐवज हे तिन्ही हातांशी असल्यामुळेच त्यांचा निष्कर्ष टिकला. त्यांनी मनोऱ्यांचा आरंभकाळ ५व्या शतकापर्यंत मागे नेला होता. तो पुढील संशोधनाने मान्य केला नाही. परंतु ही दुरुस्ती त्यांच्याच पद्धतीने होऊ शकली, हे त्या पद्धतीचे बळ होय. त्याच सर्वेक्षणात आयरिश स्थलनामांना इंग्रजी रूपे देण्यात आली. ब्रायन फ्रीएल यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे १९८० चे नाटक त्या प्रक्रियेतील हिंसा दाखवते. नावांची नोंद करणारे आणि नावे बदलणारे हात एकाच कार्यालयातील होते, ही गोष्ट वसाहतकालीन ज्ञाननिर्मितीच्या अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही.

५. खरे नाते कोठे सापडले

ओब्रायन मनोऱ्यांत पूर्वेचा शोध घेत होता, नेमक्या त्याच काळात आयरिश आणि संस्कृत यांचे वास्तविक नाते सिद्ध होत होते. पण ते व्याकरणाच्या मार्गाने. केल्टिक भाषा संस्कृतच्याच कुळातील आहेत हे जेम्स प्रिचर्ड यांनी १८३१ मध्ये आणि फ्रांट्स बॉप यांनी त्या दशकाच्या अखेरीस मांडले. योहान कास्पार त्सॉइस यांच्या १८५३ च्या व्याकरणग्रंथाने त्याला भक्कम पाया दिला. या व्याकरणाची सामग्री विशेष लक्षणीय आहे. आयरिश भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या ओळींमध्ये आणि समासांत लिहिलेल्या अर्थनोंदी हा तिचा मुख्य आधार होता, आणि ती हस्तलिखिते वुर्ट्सबुर्ग, सांक्ट गालेन, मिलान अशा युरोपीय ग्रंथालयांत जपली गेली होती.

यातून तुलनेचे एक मूलभूत तत्त्व स्पष्ट होते. संस्कृत ‘पूर्ण’ आणि प्राचीन आयरिश ‘लान’ हे शब्द कानाला मुळीच सारखे वाटत नाहीत, तरी ते सगोत्र आहेत. केल्टिक भाषांत मूळचा ‘प’ नियमितपणे लोप पावतो, हे कळले की ‘पितृ’ आणि ‘अथिर’ यांचेही नाते उलगडते. उलट, मनोरा आणि पूर्वेकडील स्तंभ डोळ्यांना सारखे दिसले तरी त्यांना जोडणारा कोणताही नियम वा दस्तऐवज नाही. सादृश्य म्हणजे संबंध नव्हे. आणि संबंधाला सादृश्याची गरज असतेच असे नाही. भाषेचे नाते वास्तूंना लागू करण्याचा मोहही तितकाच निराधार आहे.

६. अवशेष आणि साहित्य

मनोऱ्यांकडे पाहताना नाशाची कारणेही वेगळी करून पाहावी लागतात. क्लॉनमॅक्नॉइजचा मोठा मनोरा ११२४ मध्ये पूर्ण झाला आणि ११३५ मध्ये विजेने त्याचा माथा पाडला. हा मठ व्हायकिंगांनी लुटला, तसा आयरिश प्रतिस्पर्ध्यांनीही लुटला. १५५२ मध्ये ॲथलोनच्या इंग्रज शिबंदीने त्याचा अखेरचा विध्वंस केला. दरम्यान ११११ च्या राथ ब्रेसल येथील धर्मसभेने बिशपांच्या अधिकारक्षेत्रांवर आधारलेली नवी रचना पुढे आणली आणि जुन्या मठांचा प्रभाव आधीच ओसरू लागला होता. राष्ट्रीय शोककाव्यात मात्र या सर्व कारणांचे एकच कारण होते: परकीय सत्ता. १९व्या शतकात गोल मनोरा हे राष्ट्रचिन्ह बनले आणि डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत डॅनियल ओ’कॉनेल यांच्या स्मारकासाठी त्याच घाटाचा नवा मनोरा उभारला गेला.

याच क्लॉनमॅक्नॉइजमध्ये १२व्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ‘लेवर ना हुद्रे’ हे हस्तलिखित सिद्ध झाले. ‘तॉइन बो कुऑल्न्ये’ या वीरकथेचा सर्वांत जुना उपलब्ध पाठ त्यात आहे. त्याचा एक लेखनिक मैल मुइरे ११०६ मध्ये तेथील दगडी चर्चमध्ये लुटारूंच्या हातून मारला गेला. ख्रिस्ती भिक्षूने ख्रिस्तपूर्व जगाची कथा जपून ठेवावी आणि स्वतः मठाच्या आवारात मारले जावे, यात त्या संस्थेचे सामर्थ्य आणि तिची असुरक्षितता दोन्ही सामावल्या आहेत. संत केविन यांच्या हातावर पक्ष्याने घरटे केल्याची कथा १२व्या शतकाच्या अखेरीस जिराल्डस कॅम्ब्रेन्सिस याने लॅटिनमध्ये नोंदवली. शेमस हीनी यांनी १९९६ च्या संग्रहात तिला नवे काव्यरूप दिले.

आयरिश परंपरेत स्थलनामांच्या कथा सांगणारा ‘दिन्शनखस’ हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ जाणणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. परंतु स्थानपोथी एका पुरुषाच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थळांची काटेकोर नोंद करते, तर दिन्शनखस नावामागची कथा घडवते. दोघांत ऐतिहासिक संबंध नाही. आहे ती स्थळाला वाचनीय करण्याची समान गरज. अशी तुलना उत्पत्तीचा दावा करीत नाही, म्हणून ती टिकाऊ ठरते. मॉनस्टरबॉइसच्या मनोऱ्यात जळालेल्या ग्रंथांत काय होते, हे मनोऱ्याकडे कितीही पाहिले तरी कळणार नाही. सांक्ट गालेनच्या समासांत उरलेल्या चार शब्दांनी मात्र दोन खंडांतील भाषांचे नाते उलगडण्यास हातभार लावला. अभ्यासकाने स्थळ अवश्य पाहावे. निष्कर्ष मात्र त्याने लेखी पुराव्याशी ताडूनच काढावा.