पंख्यावर आलेला आळ

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरी विजेचे बिल आले आणि मी चकितच झालो. मे महिन्यात २३० युनिटे वीज खर्च झाली होती! गावाकडची विहीर आटली म्हणून माझी आई मेच्या सुरुवातीला चिपळूणला आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या खोलीतला पंखा दुपारीही चालू असे. "पंखा सारखा फिरतोय, बिल वाढणारच," असे मी सहज बोलून गेलो. आईने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो पंखा बंद, आणि आई पदराने वारा घेत बसलेली. "मला नाही लागत रे पंखा," ती म्हणाली.

मला माझीच लाज वाटली. वर्गात 'मोजल्याशिवाय बोलू नका' असे मुलांना बजावणारा मी घरी मात्र न मोजताच निकाल देऊन मोकळा झालो होतो. तेव्हा नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला बरोबर घेऊन या प्रकरणाची रीतसर चौकशी करायचे मी ठरवले.

विद्यार्थी मित्रहो, अशा चौकशीत प्रथम बिलातील रुपये बाजूला ठेवावेत आणि युनिटे पाहावीत. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांपेक्षा पुढची युनिटे महाग पडतात. त्यामुळे वापर दीडपट झाला तर बिल दीडपटीहून अधिक होऊ शकते. बिल किती दिवसांचे आहे हेही पाहावे, आणि तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. नाहीतर उन्हाळ्याचा दोष एखाद्या उपकरणाच्या माथी बसायचा. आमच्या आधीच्या वर्षीच्या मेमधील वापर होता १४० युनिटे. दोन्ही बिले ३० दिवसांचीच होती. म्हणजे वाढ ९० युनिटांची, दररोज ३ युनिटांची.

एक युनिट म्हणजे १००० वॅट शक्तीचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी ऊर्जा. पंख्याची शक्ती ७५ वॅट. तो दिवसरात्र मिळून सुमारे १० तास चाले. ७५ गुणिले १० म्हणजे ७५० वॅट-तास, अर्थात पाऊण युनिट. मुलीने वहीत आकडे मांडले आणि म्हणाली, "बाबा, आजीच्या पंख्याचे पाऊणच युनिट होते. उरलेली सव्वादोन कोणाची?"

आता साक्षीदार म्हणून मीटरला बोलावणे भाग होते. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा तांबडा दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर '३२०० इंपल्स' दर युनिटाला, असे छापले आहे. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. त्याला ३२०० ने भागले की ११२५ ज्यूल येतात. दिवा एकदा लुकलुकला की घरात ११२५ ज्यूल ऊर्जा खर्ची पडली असे समजावे. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजून ११२५ ला त्या संख्येने भागले की त्या वेळी घरात किती वॅट वीज वापरली जात आहे ते कळते.

रात्री आम्ही सर्व दिवे, पंखे बंद केले, फ्रिजचा प्लगही काढला. तरी मीटरचा दिवा ११२ सेकंदांनी लुकलुकलाच! म्हणजे १० वॅट कोठेतरी जात होते. शोध घेता टीव्हीखालची केबलची पेटी सापडली. रिमोटने 'बंद' केलेली ती पेटी महिन्याला ७ युनिटे खात होती. पण ती आधीच्या वर्षीही होतीच. ती खर्चाला जबाबदार होती, वाढीला नव्हे. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पेटीचे बटण बंद करताच मीटर स्तब्ध झाले. मग फक्त फ्रिज लावला. पहिल्यापासून अकराव्या लुकलुकीपर्यंत ७५ सेकंद लागले. दहा अंतरे, प्रत्येकी साडेसात सेकंद. म्हणजे १५० वॅट. हे नेहमीचेच. खरी गोष्ट पुढे होती. फ्रिजचा काँप्रेसर आतील थंडी पुरेशी झाली की थांबतो आणि तापमान चढले की पुन्हा सुरू होतो. आमचा काँप्रेसर दोन तासांत एकदाही थांबला नाही!

आता आठवले. आईच्या खाटेसाठी जागा करताना तिच्या खोलीतले कपाट आम्ही स्वयंपाकघरात आणले होते आणि फ्रिज मागे भिंतीला टेकवला होता. फ्रिज आतील उष्णता मागच्या नळ्यांवाटे बाहेर टाकतो. तेथे हवा खेळली नाही तर उष्णता तेथेच कोंडते आणि काँप्रेसरला जास्त राबावे लागते. आई आली, फ्रिज सरकला आणि बिल वाढले. आम्ही पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची सांगड घातली, मधली विसरलो.

फ्रिज वीतभर पुढे घेतला. काँप्रेसर आता दर ४० मिनिटांत १० मिनिटे विसावू लागला. सुधारणा झाली, पण पुरती नाही. मग दारात कागदाचा कपटा धरून दार लावले. खालच्या कोपऱ्यात तो सहज निसटला. दाराची रबरी पट्टी तेथे कडक होऊन चिरली होती. त्या फटीतून कोकणातील दमट हवा आत शिरत होती. अशा वाफेचे पाणी होताना दर ग्रॅमला सुमारे २५०० ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि तीही फ्रिजलाच उपसून टाकावी लागते. पट्टी बदलली. आता काँप्रेसर १२ मिनिटे चाले आणि १८ मिनिटे थांबे.

हिशेब असा. अखंड चालणारा फ्रिज दिवसाला ३.६ युनिटे घेत होता. दुरुस्तीनंतर तो १.४४ युनिटांवर आला. फरक २.१६. त्यात पंख्याचे ०.७५ मिळवा: २.९१. आम्हाला ३ युनिटांचा जाब हवा होता!

पुढच्या महिन्यात १५८ युनिटे आली. पावसाळी हवेचाही त्यात वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. मुलीने वहीतले आकडे आजीला वाचून दाखवले. आईने सगळे ऐकून घेतले, उठली आणि पंख्याचे बटण दाबले.

तुम्हीही हा प्रयोग घरी जरूर करा. मीटर केवळ दुरून पाहायचे; त्याला किंवा तारांना हात लावायचा नाही. बटणे आणि प्लग मोठ्या माणसांकडून बंद करून घ्या. फ्रिज बंद केल्यास पाच मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू करा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक आकडा वहीत लिहा. कोणावर आळ घ्यायचा असेल, तर तो त्यानंतर!