खजिन्याचा शोध : शेतीस पूरक असा एक खेळ

मरणोन्मुख शेतकऱ्याने आपल्या आळशी मुलांना शेतात धन पुरल्याचे सांगितले, मुलांनी धनाच्या आशेने सारे शेत खणून काढले आणि त्या खणण्यामुळेच पुढील हंगामी पीक भरघोस आले, ही गोष्ट शाळेत न ऐकलेला शेतकरी विरळा. अलीकडे पुण्याच्या पश्चिमेस या गोष्टीचा निराळाच अनुभव येऊ लागला आहे. शहरातील मंडळी गटागटाने शेतावर येतात, लपविलेला खजिना शोधण्याचा खेळ खेळतात आणि त्याबद्दल शेतकऱ्यास मोबदला देतात. हा खेळ नीट योजला तर शेतीस जोड मिळते. निष्काळजीपणे योजला तर मात्र पीक तुडविले जाते, बांध फुटतात आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून त्याची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

पुनावळे व भोवतालचा प्रदेश

पवना नदीच्या काठचे पुनावळे हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मुंबई-बंगळूर महामार्ग त्याच्या शेजारून जातो आणि हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान अगदी जवळ आहे. ज्या जमिनीत पूर्वी भात व ज्वारी होत असे, तेथे आज बहुमजली इमारती उभ्या आहेत. तथापि जांबे, नेरे, कासारसाई या बाजूस व पलीकडे मावळात शेती अद्याप टिकून आहे. ज्याच्याकडे दोन-तीन एकर जमीन उरली आहे, त्याच्यापुढे ती विकावी की राखावी, हा प्रश्न रोज उभा असतो. जमीन राखावयाची तर तिने वर्षभर काही ना काही उत्पन्न दिले पाहिजे. शहर दाराशी येऊन ठेपले आहे, तर शहरातील माणूस हाच आपला ग्राहक व पाहुणा व्हावा, असा विचार कृषी पर्यटनामागे आहे. महाराष्ट्र शासनाने 2020 साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते.

खेळाचे आजचे स्वरूप

पूर्वी चिठ्ठ्या लपवून मुलांचा हा खेळ होत असे. आता कारखान्यांतील व कचेऱ्यांतील कर्मचारी, गृहनिर्माण संस्थांची कुटुंबे, वाढदिवसास जमलेली मंडळी असे सर्व वयांचे गट तो खेळतात. पाच ते सात जणांची एक तुकडी करतात. प्रत्येक ठिकाणी एक कोडे असते व ते सुटले म्हणजे पुढील ठिकाण कळते. काही ठिकाणी मोबाईलवर खुणेचा चौकोन टिपून कोडे उघडतात, तर काही ठिकाणी तुकडीने ठरलेले काम करून त्याचे छायाचित्र दाखवावयाचे असते. 2000 साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात उपग्रहांच्या साहाय्याने लपविलेल्या डब्या शोधण्याचा खेळ सुरू झाला व तो जगभर पसरला. डबी लपविण्यासाठी जमिनीत खड्डा खणावयाचा नाही, असा त्या खेळाचा नियम आहे.

हा नियम अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. 1904 साली लंडनच्या एका साप्ताहिकाने बक्षिसाची पदके निरनिराळ्या गावी लपविली, तेव्हा लोकांच्या झुंडींनी रस्ते व बागा उकरून काढल्या आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेतकऱ्याने यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, खजिना नेहमी जमिनीच्या वर, डोळ्यांच्या उंचीच्या आसपास ठेवावा आणि खणण्याचे कोणतेही साधन खेळाडूंच्या हाती देऊ नये.

शेताचीच कोडी करावीत

बाजारातून तयार कोडी आणण्यापेक्षा शेतातूनच ती तयार करावीत. त्यात खर्च नाही आणि पाहुण्यास शेतीचे ज्ञानही होते. काही नमुने असे :

1. दोरीने 33 फूट लांब व 33 फूट रुंद चौकोन आखावा. एवढी जागा म्हणजे किती, हे तुकडीने सांगावे. उत्तर एक गुंठा. असे किती गुंठे मिळून एकर होतो, त्या आकड्याच्या, म्हणजे 40 क्रमांकाच्या खांबाशी पुढील चिठ्ठी असावी.

2. भात, नाचणी, वरई, ज्वारी व बाजरी यांचे दाणे पाच वाट्यांत ठेवून नावे ओळखावयास लावावीत.

3. शेराच्या मापाने पायली भरण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. चार शेरांची पायली, हे ज्याला ठाऊक तो मोजीत बसणार नाही.

4. भाताच्या एका लोंबीत किती दाणे आहेत, याचा आधी अंदाज करावा व मग मोजावे. ज्याचा अंदाज जवळचा, त्याची तुकडी पुढे जाईल.

शेवटच्या पेटीत खोटी नाणी ठेवण्याऐवजी शेतातील माल ठेवावा. मावळाचा इंद्रायणी तांदूळ, गूळ, कडधान्य असे काही हाती आले की पाहुणा त्याची चव घेतो आणि पुढे तोच माल विकत मागतो. एका दिवसाच्या शुल्कापेक्षा असे कायमचे गिऱ्हाईक अधिक मोलाचे होय.

हंगाम व खबरदारी

पावसाळ्यात भातखाचरांतून माणसे फिरविणे सर्वथा टाळावे. बांध खचतात व रोपे तुडविली जातात. भाताची काढणी उरकल्यावर मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. ज्वारीच्या हुरड्याचाही तोच हंगाम असतो.

खेळाचा मार्ग आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावा. विहीर, शेततळे व विजेचा पंप यांच्या आसपास एकही चिठ्ठी ठेवू नये आणि उघड्या विहिरीस कठडा अगर जाळी असल्याखेरीज खेळ ठेवूच नये. औषध फवारलेल्या वाफ्यांत कोणास जाऊ देऊ नये. औषधांचे डबे कुलपात असावेत. गवताच्या गंजीत व दगडांच्या पौळीत सापविंचू असतात, तेथे हात घालावा लागेल असे कोडे करू नये. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, आवळून बांधणे वा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता रोग्यास हलू न देता तडक रुग्णालयात न्यावे. शेजाऱ्याच्या शेतातून वाट जात असेल तर त्याची संमती आधी घ्यावी. माणसांची संख्या, शुल्क व नुकसानभरपाई या बाबी लेखी ठरवाव्यात.

खरा खजिना व कायदा

खजिना हा शब्द गावात उच्चारला की अफवा उठतात. मार्च 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडमधीलच चिखली येथे बांधकामाच्या खोदाईत मिळालेली 216 जुनी सोन्याची नाणी पोलिसांनी हस्तगत केली. ज्यांना ती सापडली त्यांनी शासनास कळविले नव्हते. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. धनाचा मालक न आढळल्यास व निराळा करार नसल्यास सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश वाटा कायद्याने ठरविला आहे. लपविणाऱ्याचा मात्र वाटा जातो व त्यास शिक्षाही होऊ शकते. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणाऱ्यांस 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

यास्तव गावात असा खेळ प्रथमच होणार असेल तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तो केवळ खेळ असल्याचे स्पष्ट सांगावे आणि त्याच वेळी या दोन्ही कायद्यांची माहिती द्यावी. मांत्रिकाच्या नादी लागून घर धुळीस मिळविणारा एक माणूस जरी त्यामुळे सावध झाला, तरी त्या सभेचे चीज झाले.

गोष्टीतील मुलांनी शेत खणले व त्यांना पीक मिळाले. आजच्या शेतकऱ्याने शेत न खणू देता, ते जपून, पाहुण्यांना दाखवावयाचे आहे. जमीन हातची न जाता तिच्यापासून चार पैसे अधिक मिळत असतील, तर पुनावळ्याच्या पलीकडील दोन-तीन एकरांच्या धन्यास तेच खरे धन होय.